गाडीतल्या उन्हाचा बंदोबस्त: जाळ्या, यूव्ही फिल्म, स्लीव्हज, सनस्क्रीन सगळं वापरून झालंय

आधीच सांगते, हा एका वस्तूचा रिव्ह्यू नाहीये. गाडीत ऊन लागू नये म्हणून जे काय काय मिळतं त्यातलं बरंचसं माझ्याकडे येऊन गेलंय, काही अजून गाडीत आहे, काही माळ्यावर पडलंय आणि काही सरळ फेकून दिलं. कुणी ना कुणी विचारत असतं आणि मी तेच तेच सांगत बसते म्हणून एकदा लिहूनच टाकते. ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी: बाजूच्या काचांना पारदर्शक यूव्ही फिल्म (काचेवर चिकटवायचा पातळ प्लॅस्टिकचा पदर, उन्हातले यूव्ही म्हणजे अतिनील किरण अडवणारा) आणि उघड्या हाताला, चेहऱ्याला, मानेला सनस्क्रीन, बास. बाकीचा बराचसा माल डोळ्यांच्या आणि गरमीच्या सोयीचा आहे, चांगला आहे, पण तो "स्किन प्रोटेक्शन" म्हणून विकतात तिथे माझं डोकं फिरतं.

हे असं का म्हणते ते कळायला काचेचा प्रकार समजून घ्यावा लागतो, दोन मिनिटं सहन करा. पुढची विंडशील्ड असते ती लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ थर. तो थर असतो अपघातात काचेचे तुकडे अंगावर उडू नयेत म्हणून, पण जाता जाता तो यूव्ही पण खाऊन टाकतो. बाजूच्या काचा मात्र बहुतेक गाड्यांमध्ये टेम्पर्ड, एकच जाड काच, फुटली तर बारीक बारीक खडे होतात ती. तिच्यात तो थर नाही. आता उन्हातला यूव्ही दोन प्रकारचा आपल्यापर्यंत पोचतो, बी आणि ए. बी म्हणजे ज्याने कातडी लाल होते, जळते. तो साध्या काचेतूनसुद्धा फारसा येत नाही. ए मात्र येतो, कातडीत आणखी खोल जातो, आणि टॅन, डाग, सुरकुत्या यात त्याचा मोठा हात असतो. म्हणजे बंद काचेच्या आत बसलं की जो यूव्ही आपल्याला चटका देऊन सावध करतो तो बाहेरच अडतो आणि जो गुपचूप काम करतो तो आत येतो. म्हणूनच लोक म्हणतात "मी तर एसी गाडीत असते, मला कुठे ऊन लागतं".

आकडा पण आहे. २०१६ साली जामा ऑप्थॅल्मॉलॉजी या जर्नलमध्ये १५ कंपन्यांच्या २९ गाड्यांच्या काचा मोजलेल्या आल्या होत्या. पुढची काच सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवते आणि सगळ्या गाड्यांमध्ये जवळपास सारखीच. ड्रायव्हरच्या बाजूची काच सरासरी ७१ टक्के, पण खरी गंमत सरासरीत नाहीये, एखाद्या गाडीत ती फक्त ४४ टक्के अडवते आणि एखादीत ९६. म्हणजे तुमची गाडी कुठल्या गटात आहे हे नुसतं बघून कळत नाही, महागडी आहे म्हणजे काच चांगली असं पण नाही. काचेच्या कोपऱ्यात जो बारीक शिक्का असतो तो वाचा, बऱ्याच गाड्यांवर लॅमिनेटेड की टेम्पर्ड ते सरळ लिहिलेलं असतं. काही नव्या गाड्यांमध्ये आवाज कमी यावा म्हणून पुढच्या दारांनाही लॅमिनेटेड काच देतात, तुमची तशी असेल तर फिल्मचा खर्च वाचला, पुढचं अर्धं वाचू नका.

आणि याचा परिणाम दिसतो का? दिसतो. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस, खिडकीकडचा अर्धा चेहरा जाड, सुरकुतलेला, आणि दुसरा अर्धा त्याच्याच धाकट्या भावाचा वाटावा असा. शोधून बघा, एकदा बघितला की विसरत नाही. अमेरिकेत डाव्या बाजूला स्किन कॅन्सर जरा जास्त सापडतात असं डॉक्टरांनी नोंदवलंय, तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि ऑस्ट्रेलियात १९८६ च्या एका अभ्यासात पुरुषांच्या उजव्या बाजूला उन्हाचे खरबरीत चट्टे जास्त निघाले, तिथे ड्रायव्हर उजवीकडे. बाजू बदलली तर चट्ट्यांची पण बाजू बदलली, यापेक्षा जास्त काय पुरावा पाहिजे.

असो. आता वस्तूंकडे.

जाळीचे पडदे. हे सगळ्यात स्वस्त म्हणून सगळे इथूनच सुरू करतात. तीन प्रकार येतात. पहिला सक्शन कपवाला, काळी जाळी, कडेला तार, दोन-तीन रबरी कप. हे कप उन्हात कडक होतात आणि मग नेमके चालत्या गाडीत पडतात, पडले की मागे झोपलेलं पोर दचकून उठतं, हे फेकून दिलं. शिवाय तार आहे, कप आहेत, जोरात ब्रेक लागला तर ते पोराच्या तोंडावर यायला नको. दुसरा स्टॅटिक, म्हणजे काचेला आपोआप चिकटतो, काच स्वच्छ असली तर छान चिकटतो, धूळ बसली की संपलं. तिसरा मोजा टाईप, विंडो सॉक्स म्हणतात, दाराच्या अख्ख्या फ्रेमला वरून मोज्यासारखा घालायचा. हा मला खरंच आवडला. काच खाली करता येते, जाळी तशीच राहते, थांबलेल्या गाडीत डास येत नाहीत. मागच्या दारांसाठी घ्याच.

पण, आणि हा पण मोठा आहे, जाळी म्हणजे भोकं. भोकांतून जेवढा उजेड येतो तेवढा यूव्ही पण येतोच, तिथे काही जादू नाहीये. पाकिटावर "९९ टक्के यूव्ही ब्लॉक" लिहिलेलं आणि जाळी डोळ्यापुढे धरली तर पलीकडचा माणूस स्पष्ट दिसतोय, तो माणूस दिसतोय म्हणजे तिथून उजेड येतोय ना? फिल्मचं वेगळं आहे, फिल्म सलग असते आणि तिच्यात यूव्ही शोषणारं केमिकल असतं, त्यामुळे ती पारदर्शक असून अडवू शकते. जाळीत सुताने झाकलेला भाग अडवतो, उघडा भाग नाही, त्यामुळे दोन पदर असलेली, बारीक विणीची घ्या, विरळ जाळी नुसती डोळ्यावरची तिरीप कमी करते. आणि ड्रायव्हरच्या काचेला जाळी लावू नका बाबांनो, आरसा दिसत नाही, संध्याकाळी तर बाजूने येणारी बाईक पण दिसत नाही. ज्याच्या हातावर सगळ्यात जास्त ऊन येतं त्याच्याच काचेला ही वस्तू चालत नाही, तर मग स्किनच्या हिशोबाने तिचा उपयोग तो काय! मागच्या सीटसाठी ५ पैकी ४, पुढच्यासाठी शून्य.

आता फिल्म. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त फसवाफसवी इथेच चालते.

पहिला गैरसमज, जितकी काळी तितकी चांगली. साफ चूक. काळेपणा म्हणजे दिसणारा उजेड किती अडतो ते, यूव्ही किती अडतो ते नाही. पूर्ण पारदर्शक फिल्म ९९ टक्के यूव्ही अडवू शकते आणि स्वस्तातली काळी फिल्म, जी नुसती रंगवलेली असते, ती काही वर्षांत जांभळी पडते आणि तिच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. त्यामुळे काळ्या काचांवर जिथे बंदी किंवा मर्यादा आहे तिथेही पारदर्शक फिल्मचा पर्याय बघता येतो, फक्त लावायच्या आधी आपल्याकडचा नियम वाचा, काही ठिकाणी कुठलीच फिल्म चालत नाही आणि काही ठिकाणी किती टक्के उजेड आत आला पाहिजे ते ठरवलेलं असतं. दुकानदार म्हणेल "काही होत नाही हो ताई". दंड त्याला होत नसतो.

दुसरा, दुकानातला डेमो. एका डब्यात लाल दिवा लावलेला असतो, त्याच्यापुढे फिल्म लावलेली काच, हात ठेवा म्हणतात, बघा कसं गार वाटतंय. वाटतंच, खोटं नाही. पण तो दिवा इन्फ्रारेडचा असतो, तो डेमो उष्णतेचा आहे, यूव्हीचा नाही. उन्हाच्या एकूण ऊर्जेत यूव्हीचा वाटा साधारण ५ टक्के, उरलेला सगळा दिसणारा उजेड आणि इन्फ्रारेड. म्हणून एखादी फिल्म यूव्ही पूर्ण अडवूनही गाडी गरमच ठेवू शकते, आणि एखादी फिल्म गाडी गार ठेवणारी असली तरी यूव्हीचा आकडा वेगळा विचारावाच लागतो. माझी साधी पारदर्शक फिल्म पहिल्या प्रकारातली, गरमीत तिने फरक जवळजवळ शून्य पाडला, नवरा अजून म्हणतो पैसे पाण्यात गेले. त्याला हातावर काय होतंय ते बघायचंच नसतं, एसीचं बटण बघायचं असतं.

तिसरी गोष्ट जरा बारीक आहे पण विचाराच. यूव्हीएच्या लहरींची लांबी ४०० नॅनोमीटरपर्यंत जाते, पण फिल्मवाले बरेचदा फक्त ३८० पर्यंत मोजतात आणि ९९ टक्के छापतात. ३८० ते ४०० चा पट्टा त्या आकड्यात येतच नाही. चांगल्या फिल्मच्या माहितीत "४०० पर्यंत" असं स्पष्ट दिलेलं असतं. नोटा तपासायची स्वस्त टॉर्च घेऊन घरी टेस्ट करणाऱ्यांनी पण हे लक्षात घ्या, त्या जांभळ्या टॉर्च बहुतेक ३९५ च्या आसपासच्या असतात, त्यांचा उजेड चांगल्या फिल्ममधून पण थोडा जातो आणि लोक उगाच घाबरतात. दुकानातलं मीटर ३६५ वर मोजत असेल तर तिथे आकडा झकास येतो. दोघंही खरं बोलतायत, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी मोजतायत.

सिरॅमिक, मेटल, डाईड (म्हणजे नुसती रंगवलेली) असे प्रकार येतात. डाईड सोडून द्या. मेटलवाली उष्णता परतवते पण तिच्यात धातू असल्यामुळे मोबाईलचा नाहीतर जीपीएसचा सिग्नल कधी कधी अडतो. सिरॅमिक सगळ्यात महाग, गरमीही कमी करते, सिग्नलला त्रास नाही, पारदर्शकच्या जवळपासची पण मिळते. बजेट असेल तर सिरॅमिक, नसेल तर साधी पारदर्शक यूव्ही, कारण स्किनसाठी दोन्हींचं काम सारखंच आहे, वरचे पैसे तुम्ही गारव्याचे देताय.

लावणाऱ्याबद्दल. माझ्या पहिल्या दुकानात (नाव घेत नाही) बाहेर रस्त्याच्या कडेला, वाऱ्यात, लावून दिली. फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवतात आणि मग रबरी पट्टीने पाणी ढकलून काढतात, त्या वेळी जी धूळ आत बसते ती कायमची बसते. आता ड्रायव्हरच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात बारीक ठिपक्यांचं नक्षत्र आहे. विचारलं तर म्हणाले "सुकलं की जाईल". सुकलं की जातात ते पाण्याचे फुगे, दुधट डाग, ते खरंच काही दिवसांत गेले, धूळ जात नाही. त्यामुळे बंद शेडमध्ये काम करणारा शोधा, काच आधी ब्लेडने खरवडून स्वच्छ करतो का ते उभं राहून बघा, फिल्म काचेच्या वरच्या कडेपर्यंत जाते का ते बघा, कारण बऱ्याचदा वर बोटभर पट्टी सोडून देतात. लावल्यावर ते सांगतील तितके दिवस काच खाली करायची नाही, मुलांना आधीच दम देऊन ठेवा नाहीतर बटणावर चिकटपट्टी लावा. पुसायला अमोनियावालं ग्लास क्लीनर नको, मऊ कापड आणि पाणी पुरतं.

मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, रेषा असतात, तिथली फिल्म पुढे कधी काढायची झाली तर त्या रेषा तुटायची भीती असते, म्हणून मी मागे लावलीच नाही, तिथे कुणाचं तोंड नसतं. फिल्मला ५ पैकी साडेचार. अर्धा मार्क ठिपक्यांचा.

आणि हो, काच खाली केली की फिल्म दारात गेली, तुम्ही उघड्या उन्हात. मग बी पण आला, ए पण आला. खिडकीवर कोपर टेकवून चालवणाऱ्या मंडळींनी फिल्मवर पैसे घालवू नयेत, त्यांच्यासाठी पुढची वस्तू आहे.

स्लीव्हज. हातात घालायच्या लांब बाह्या, यूपीएफ ५० लिहिलेल्या. यूपीएफ ५० म्हणजे कापडातून पन्नासातला एक भाग यूव्ही आत जातो, म्हणजे २ टक्के, हिशोब सोपा आहे. पातळ, गार लागतात, पण माप महत्त्वाचं. घट्ट घेतल्या की कापड ताणून विरळ होतं आणि मग ते ५० राहत नाहीत. जुन्या होऊन दंडावरून घसरायला लागल्या की बदला. अंगठ्याला भोक असलेल्या घ्या, कारण स्टिअरिंगवर सगळ्यात जास्त ऊन पंजाच्या पाठीवर येतं आणि साध्या स्लीव्हज मनगटावर थांबतात, मग हात गोरा आणि पंजा काळा असा नमुना तयार होतो. ५ पैकी ४.

सनस्क्रीनमध्ये माझं म्हणणं एकच, गाडीसाठी घेताय तर एसपीएफकडे कमी आणि पीएकडे जास्त बघा. एसपीएफ मुख्यतः बी साठीचा आकडा आहे आणि बंद काचेने बी आधीच बराचसा अडवलाय. आत येतोय तो ए, आणि त्याच्यासाठी ते पीएच्या पुढचे प्लस असतात, ही पद्धत मूळ जपानची, चार प्लस सगळ्यात वरचे. एसपीएफ ३० असलेलं आणि पीए++++ वालं क्रीम हे नुसतं एसपीएफ ७० ओरडणाऱ्यापेक्षा गाडीत जास्त कामाचं. लावायचं भरपूर, दोन बोटांवर दोन लांब रेघा फक्त चेहरा-मानेला, आणि दर दोन तासांनी परत. खरं सांगायचं तर लांबच्या प्रवासात कुणी परत लावत नाही, मी पण नाही, म्हणून तर फिल्म. हातासाठी स्टिक मिळते ती सोयीची, सिग्नलला फासता येते, बोटं चिकट होत नाहीत. झिंकवालं क्रीम काळ्या सीटबेल्टवर पांढरा पट्टा सोडतं, जातो पण पुसावा लागतो. आणि ट्यूब डॅशबोर्डवर किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून देऊ नका, उष्णतेने क्रीम फुटतं, पाणी वेगळं तेल वेगळं, मग ते लावलं काय न लावलं काय.

आमच्या जाऊबाईंना चेहऱ्यावर वांग आहेत. त्यांच्या गाडीला फिल्म, तोंडाला सनस्क्रीन, तरी प्रवासाहून आल्या की डाग गडद. सावळ्या-गव्हाळ कातडीला नुसता दिसणारा उजेड पण काळं करतो, हे आता सिद्ध झालेलं आहे, आणि पारदर्शक फिल्म किंवा पारदर्शक क्रीम दिसणारा उजेड कसा अडवणार, तो आरपार जातो म्हणून तर ते पारदर्शक. अशांसाठी रंगीत म्हणजे टिंटेड सनस्क्रीन येतं ज्यात आयर्न ऑक्साईड असतं, ते हा उजेड पण बऱ्यापैकी अडवतं. स्किनच्या डॉक्टरांनी तेच दिलं, वर जाऊबाई आता मागे मोज्याच्या जाळीआड बसतात, दोन्ही मिळून बरा फरक आहे. डॉक्सिसायक्लिन (एक अँटिबायोटिक) किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) असेल, तर उन्हाचा त्रास नेहमीपेक्षा जास्त होऊ शकतो आणि तो काचेतून आलेल्या उन्हाने पण होतो, त्यामुळे गोळ्या देणाऱ्यालाच विचारा, माझ्यासारखीला नको. आणि कुणी सांगितलं की गाडीत ऊन खाल्लं की व्हिटॅमिन डी मिळतं, तर हसून सोडून द्या, डी तयार होतं ते बी मुळे, आणि तो काचेबाहेर थांबलाय.

विंडशील्डला लावायची चंदेरी पत्र्यासारखी शेड, पार्क केल्यावर. स्किनशी काहीही संबंध नाही, तुम्ही गाडीतच नसता. पण स्टिअरिंग हातात धरता येतं, डॅशबोर्ड तडकत नाही, म्हणून आवडती. छत्रीसारखी उघडणारी घ्या, ती गोल गुंडाळायची घेतलीत तर परत पिशवीत घालताना भांडण होणार. मात्र शेड लावली म्हणून कुणाला बंद गाडीत बसवून जाऊ नका. २००५ च्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं होतं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच, आणि काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नव्हता.

सनरूफवाल्यांनो, वरची काच कुठली आहे ते पण शिक्क्यावर बघून घ्या, आणि दुपारी आतला पडदा ओढा. पडदा जाळीचा असेल तर जाळीबद्दल वर जे लिहिलंय ते त्यालाही लागू, टोपी घाला.